म्हाताऱ्या शेळीचं हृदय

सरांच्या घरच्या विळीनं फक्त दही कापता येतं, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या. नवी विळी आणली की पहिल्याच रविवारी सर कानस घेऊन बसत आणि तिचं टोक घासून गोल करत. टोक संपलं की धारेकडे वळत. शेवटी काकू भाजी शेजारच्या घरी नेऊन चिरून आणू लागल्या. “माणूस पेत नाही, शिव्या देत नाही, कोणाचं वाईट करत नाही,” त्या मला एकदा म्हणाल्या, “पण टोक दिसलं का याच्या जिवाले आराम नाही.”

अकोल्याच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी नोकरीला लागले, तिथे सर यांत्रिकी शाखेत शिकवत. माझ्या मुलाखतीला समितीतल्या बाकीच्यांनी धातू विचारले, यंत्रं विचारली. सरांनी विचारलं, “तुमाले आता, या घडीले, काय टोचून राहिलं?”

मला खरंच टोचत होतं. खुर्चीच्या बैठकीतून एक खिळा वर आला होता आणि मी मघापासून एका बाजूला सरकून बसले होते. तसं सांगितलं. सर उठले, मला उठवलं, खिशातून छोटी कानस काढली आणि सगळ्या समितीसमोर उकिडवे बसून खिळा घासला. वर अंगठा फिरवून पाहिला. “बसा आता. तुमच्या आधी इतके लोक बसून गेले, एकानंही सांगतलं नाही.”

नोकरी मिळाली. मी परतवाड्याची. आमच्याकडे टोचलं तर टोचलं म्हणतात, त्यात माझं कौतुक काही नव्हतं. पण सरांना ते फार आवडलं होतं, हे पुढे कित्येकदा ऐकावं लागलं.

त्यांचा उजवा अंगठा सतत कशावर तरी फिरत असे. टेबलाची कड, पेल्याचा काठ, लग्नातल्या पंगतीत वाढप्याच्या हातातली पळी. पंगतीत ते पळी धरून ठेवायचे आणि मागे भात खोळंबायचा. आमच्या विभागातल्या सगळ्या टेबलांचे कोपरे त्यांनी गोल केले होते. प्राचार्य चिडले, तेव्हा म्हणाले, “सर, तुमच्या मांडीले लागलं असतं, तं मले धन्यवाद देल्ले असते. लागलं नाही मनून रागावता.”

वर्गात ते वऱ्हाडीतच शिकवत. पुण्याहून तपासणीला आलेल्या एका गृहस्थांनी त्याबद्दल शेरा मारला. सर म्हणाले, “पोट्टे समजून राहिले नं? मंग यंत्राले काय, ते कोणतीच भाषा बोलत नाही.” कामात त्यांचा एकच पाढा असे. एखाद्यानं हातातली वस्तू पुढे करून “झालं, सर” म्हटलं की ते तिच्याकडे बघतही नसत. “झालं मनू नका. पुन्हा.” दुसऱ्यांदा नेली तरी पुन्हा. तिसऱ्यांदा अंगठा फिरवत. मुलं चिडत, पाठीमागे त्यांना ‘पुन्हा सर’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

या माणसाच्या हाती हृदयाचं काम कसं आलं, ते सांगते. अमरावतीच्या एक हृदयरोगतज्ज्ञ बाई सरांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या नात्यातल्या. त्या एकदा महाविद्यालयात व्याख्यानाला आल्या. म्हातारपणी हृदयातली झडप कडक होते, नीट उघडत नाही, माणसाला दम लागतो. पूर्वी ती बदलायची तर छाती उघडावी लागे. आता मिटलेल्या छत्रीसारखी नवी झडप एका लांब नळीत भरतात, जांघेतल्या रक्तवाहिनीतून वर नेतात आणि हृदयात पोचली की उघडतात. बाईंनी ती नळी दाखवली आणि सहज सांगून गेल्या की मोठ्या शहरात शिकत असताना एका आजींची झडप उत्तम बसलेली त्यांनी पाहिली होती, पण जाताना नळीच्या नाकानं, म्हणजे पुढच्या टोकानं, वाटेतली वाहिनी फाडली. आजी वाचल्या नाहीत.

सरांनी नळीच्या नाकावर अंगठा फिरवला. मग म्हणाले, “मंजे दरवाजा बसवाले आलेल्यानं भिंत पाडली.”

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. हृदयाजवळ मोठी धमनी छडीच्या मुठीसारखी वळते. नेमक्या त्या वळणावर नळीचं नाक भिंतीला खरवडतं. नाक असं हवं की वळण आलं की ते स्वतःच वाकेल, भिंतीला टेकलं तर दबेल, पण मागून रेटल्यावर पुढे जाईल. ऐकायला सोपं आहे. आम्ही दोघं त्यात वर्षानुवर्षं होतो. नाकाचे आकार सरांचे, मोजमाप माझं. किती जोर लागला ते मी काट्यावर वाचायची. नंतर धमनी उभी चिरून आतून निळी शाई लावायची आणि पाण्यानं धुवायची. जिथे ओरखडा असेल तिथे शाई राहते.

धमनी अर्थात शेळीची. माणसाहून बारीक, म्हणून औजारही त्या मापाचं छोटं केलेलं. आणि शेळीची हृदयं यायची बाळापूरहून.

बाळापूर सरांचं गाव. तिथे मटणाचं दुकान असलेले एक चाचा होते, सरांचे शाळासोबती. चौथीपर्यंत दोघं एका बाकावर बसले. नंतर चाचा वडिलांच्या दुकानात गेले आणि सर पुढच्या शाळेत. सर जन्माचे शाकाहारी, घरात अंडंसुद्धा नाही. ते पहिल्यांदा दुकानात जाऊन हृदय मागू लागले तेव्हा चाचांनी सुरी खाली ठेवली. “मास्तर, तब्येत ठीक आहे नं तुही? भाभीनं घराबाहेर काढलं काय?”

“खायाले नाही रे. लंबी नळी राहू दे त्याची. धू नको, चिरू नको. जसं येईन तसं दे.”

“जसं येईन तसं,” चाचांनी मान डोलावली.

हे शब्द मी स्वतः ऐकले, कारण बरणी धरून मी शेजारी उभी होते. पुढे सगळं या शब्दांवरच येऊन ठेपलं.

दर रविवारी सर बाळापूरला जात आणि बर्फाचा डबा घेऊन एसटीनं परत येत. एकदा कंडक्टरनं विचारलं, “गुरुजी, डब्यात काय?” सर म्हणाले, “दिल.” कंडक्टर म्हणाला, “या वयात?” सगळी गाडी हसली. मग सरांनी झाकण उघडून दाखवलं. शेजारच्या बाई थेट पुढच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि अकोल्यापर्यंत बसल्या नाहीत.

चाचांचा माल पाहण्यासारखा असे. गुलाबी, टवटवीत, धमनी अलगद सोडवलेली, रबरासारखी लवचिक. सर खूश असत. नाकाचा शेवटचा आकार तर इतका जमला की एकामागून एक धमनी शाईविना स्वच्छ येऊ लागली. मी “झालं” म्हणत नव्हते, पण मनात म्हटलं होतं. अशी औजारं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीशी बोलणं सुरू झालं. त्यांची माणसं बघायला येणार असं ठरलं. तिथून पुढे मोठ्या प्राण्यांवरच्या चाचण्या, मग परवानग्या, मग माणूस. वाट लांबची होती, पण दिसू लागली होती.

त्याच सुमारास चाचांना दम लागू लागला. बोकड उचलताना लागे, मग दुकानाची पायरी चढताना लागू लागला. सरांनीच त्यांना अमरावतीला त्या डॉक्टर बाईंकडे नेलं. झडप. अगदी तीच. चाचांची फुप्फुसं आधीच खराब, छाती उघडणं जमणार नाही, असं बाई म्हणाल्या. जांघेतून करता येईल, पण वाहिन्या कडक आणि वाकड्यातिकड्या आहेत. तेव्हा मिळणाऱ्या नळ्या जाड आणि ताठ. मुंबईला नेऊन बघा, तिथले लोक ठरवतील, पण धोका आहे.

परतीच्या गाडीत चाचा म्हणाले, “मंबई गिंबई काही नाही. मास्तरचं औजार येते नं? त्याच्यानंच करू. त्याच्यात माह्याच दुकानाचा माल लागला आहे.”

सरांनी त्यांना समजावलं की औजार यायला वर्षं जातील, मुंबईला आधी जा. मी तर स्पष्टच सांगितलं, “चाचा, आमच्या भरवशावर राहू नका.” चाचांनी माझ्याकडे बघून हात हलवला. “बेटी, मी काही मरून नाही राहिलो. तुमी आरामात करा.”

पण त्या दिवसानंतर सरांचा आराम गेला. वर्गातून सुटले की प्रयोगशाळेत. पंगतीत पळी धरेनासे झाले. अंगठा शांत असला की मला काळजी वाटायची.

आणि मग तो रविवार आला. चाचा झोपून होते, दुकान त्यांच्या मोठ्या मुलानं उघडलं होतं. डबा नेहमीसारखाच आला. सोमवारी मी धमनी बसवली, कोमट पाणी सुरू केलं, सरांनी नळी आत घातली. वळणावर काटा एकदम चढला. मी “थांबा” म्हणेपर्यंत धमनीच्या बाहेरून नळीचं नाक दिसू लागलं.

पाण्याचा पंप चालूच होता. सरांनी नळी सोडली नाही. “पुन्हा,” ते म्हणाले. त्या डब्यात आणखी एक होतं. तेही फाटलं.

मी दोन्ही धमन्या चिरल्या. आतून जाड, पिवळट, बोटाला खरखरीत लागणाऱ्या. इतक्या दिवसांत अशी धमनी आम्ही पाहिली नव्हती. सरांनी आतून अंगठा फिरवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

दुपारच्या गाडीनं आम्ही बाळापूरला गेलो. मुलगा दुकानात होता. आपलं काही चुकलं असं वाटून तो घाबरला. “सर, माल ताजा होता, कसम से. हां, शेळी म्हातारी होती. बाजारात आता तेच येऊन राहिलं.”

“अन् याच्या आधी?”

“आधी अब्बा काढून ठेवत नं तुमच्यासाठी. कोवळं-कोवळं, चुनचुनके. म्हणत, मास्तर पहिल्यांदा आपल्याजवळ काही मांगून राहिला, त्याले म्हातारीचं देऊ काय?”

मला तेव्हाच्या बाजाराबद्दल सांगायला हवं. ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. आमच्या वर्गातलं एखादं पोरगं काही दिवस दिसायचं नाही आणि मग डोक्यावरचे केस काढून परत यायचं. कोणी काही विचारत नसे. सर त्याच्या बाकाजवळून जाताना नुसता खांद्यावर हात ठेवत. चारा नाही, पाणी नाही, म्हणून गावोगावी लोक दावणीची शेवटची म्हातारी शेळीसुद्धा विकायला काढत होते. बाजारात दुसरं फारसं काही मिळत नव्हतं. म्हणजे चाचांनी खरोखर ‘जसं येईन तसं’ दिलं असतं, तर आमची नळी पहिल्याच महिन्यात फाडत सुटली असती आणि तिचा दोष आम्हाला तेव्हाच कळला असता. त्याऐवजी हा माणूस, दम लागत असताना, दोन-दोन बाजार फिरून सरांसाठी कोवळा माल शोधत होता. आणि आम्ही म्हाताऱ्या माणसांसाठीचं औजार कोवळ्या धमनीवर पास करत होतो.

सर दुकानाच्या फळीवर बसले. मुलाला म्हणाले, “त्याले सांगू नको.”

“काय सांगू नको, सर?”

“काहीच सांगू नको.”

त्यांनी कंपनीच्या माणसांना येऊ नका म्हणून कळवलं. का, तेही सरळ सांगितलं. प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. “दोन धमन्यांपायी? त्यांना काय कळणार होतं?” सर म्हणाले, “त्यायले नाही कळलं तरी नळीले कळते.” आम्ही नाकाचा आकार पहिल्यापासून करायला घेतला. काम मागे गेलं, फार मागे.

आता चाचांना सांगणं आलं. मी म्हटलं, मी सांगते. सर नाही म्हणाले. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. चाचा अंगणात बाजेवर उशाला लोड घेऊन बसले होते. पाय सुजलेले. बोलताना वाक्य मध्येच तुटे.

“मास्तर, काहून तोंड पाडलं? कंपनीवाले आले नाही काय?”

“मीच नाही मनलं. माहा हिशेब चुकला रे. आकार चुकला. आणखी टाइम लागते.”

चाचा हसले. “चौथीत तुहं गणित मीच पाहून... नाही, मी तुहं पाहून लिहो. चुकीचं लिहो तू, अन् मार मले बसे.”

“तू मंबईले जाय. माह्यासाठी थांबू नको.”

“तुह्यासाठी कोण थांबून राहिलं? सोयाबीनचा पैसा आला की दुकानात गर्दी राहते, तो सीजन झाला की जातो. पोराले दुकान सोडता येत नाही आता.” मग श्वास घेऊन म्हणाले, “पण एक सांग. माल तं बराबर होता नं माहा?”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाजेच्या लाकडी कडेवर अंगठा फिरवत होते. “एक नंबर,” ते म्हणाले.

“बस मंग.”

यानंतर सर हृदयं अकोल्याहून दुसऱ्या दुकानातून आणू लागले, म्हाताऱ्या शेळ्यांची, मुद्दाम मागून. बाळापूरच्या दुकानातूनही डबा येत राहिला, कारण तो बंद केला असता तर चाचांनी कारण विचारलं असतं. कोवळी हृदयं घरी आणून सर शेजारच्या मांजरांना घालत. काकूंनी तेही सहन केलं.

मुंबईला जायचं आज, उद्या, सणानंतर असं होत राहिलं. एकदा सरांनी तिकिटंही काढली होती. त्या दिवशी चाचांच्या घरी कुणाचं तरी लग्न निघालं. हट्टी माणसं होती दोन्ही. चाचा एका सकाळी दुकानात जाऊन बसले, मुलाला म्हणाले, बरं वाटून राहिलं आज. आणि तिथेच गेले.

माती झाल्यावर काही दिवसांनी दुकान पुन्हा उघडलं, तेव्हा आम्ही भेटायला गेलो. मुलगा उठून आत गेला आणि डबा घेऊन आला.

“सर, हे तुमचं. म्हातारीचं आहे.”

सर म्हणाले, “मी तुले सांगतलं होतं नं, त्याले काही...”

“मी नाही सांगतलं, सर. त्यांनीच विचारलं. तुमी आले, लटकलेल्या तोंडानं गेले, तवा म्हणे, मी झोपून होतो त्या रविवारी तू मास्तरले कोणतं देल्लं होतं? मी झूठ कसं बोलू? मी सांगतलं, म्हातारीचं. मंग हसले. म्हणे, पाह्य, जिंदगीभरात एका माणसाले अच्छा माल देल्ला, अन् त्याचंच काम बिघडवलं.” मुलानं डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. “म्हणे, मास्तरले सांगू नको का मले मालूम आहे. तो मनाले लावून घेईन. अन् मी गेल्यावर त्याले म्हातारीचंच देत जाय.”

सरांनी डबा घेतला. त्याच्या झाकणाची एक कड दुमडलेली होती, टोचणारी. ती त्यांच्या अंगठ्याला लागली, रक्त आलं, तरी त्यांनी ती पाहिली नाही.

परतताना गाडी तीच मिळाली. कंडक्टर तोच होता, त्यानं या वेळी डब्याबद्दल काही विचारलं नाही.

प्रयोगशाळेत मी धमनी बसवली. जाड, खरखरीत, अगदी हवी तशी. पाणी सुरू केलं. सरांनी नवं नाक लावलेली नळी आत घातली, वळणापाशी आणली. नाक भिंतीला टेकलं, दबलं, वाकलं आणि पुढे गेलं. काटा जागचा हलला नाही म्हणावा इतकाच हलला. मी धमनी सोडवली, चिरली, शाई लावली, धुतली. सगळी शाई वाहून गेली.

मी पंप बंद केला. “झालं, सर.”

“झालं मनू नका,” ते म्हणाले. “पुन्हा.”

“डब्यात एकच होतं.”

“मंग रविवारी सांगतो त्याले, की आणखी...” ते थांबले. कापलेला अंगठा टेबलाच्या गोल कोपऱ्यावर होता. तो त्यांनी उचलून दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला.

ते नाक पुढे कंपनीनं घेतलं. त्यात खूप बदल झाले, बरीच वर्षं गेली. आता सरही नाहीत. प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. बाळापूरच्या दुकानातून डबा अजून येतो, आणि मुलगा प्रत्येक वेळी झाकण लावण्याआधी मला बजावून सांगतो, मॅडम, म्हातारीचंच आहे.